अंजनाले बधिर केलं तवा

नाई, पन मी म्हनतो, हा 'बधिर' शब्द कायले काढला असन या शिकल्या-सवरल्या लोकायनं? साधं सांगता येत नव्हतं काय, का बाई, तुह्यं कंबरेखालचं अंग झोपून जाईन, दुखनार नाई, बस? नाई! बधिर! अन् सांगतलं कोनाले, तं मंगरूळच्या वेशीबाहेर वांगे-कांदे लावनाऱ्या रंगरावच्या बायकोले, अंजनाले, जिनं जल्मात तो शब्द एकदाच आयकला होता, तोही कीर्तनात! मुका असो, बधिर असो, पांगळा असो, साऱ्यायले देव एकच, असं बुवानं सांगतलं, तवा मांगून एका म्हातारीनं इचारलं का बावा, बधिर म्हंजे काय, तं बुवा म्हने बधिर म्हंजे बहिरा. झालं! अंजनाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. आता बुवा चुकला काय? नाई चुकला. डॉक्टरीन चुकली काय? तेही नाई. पन दोघायच्या मधात त्या बाईनं पंधरा दिवस जे भोगलं, त्याचा जाब कोनाले इचारावं, तुमीच सांगा.

थांबा, असं मधातून सांगतलं तं तुमाले उमजनार नाई. सत्तावन सालची गोष्ट. अंजनाच्या लग्नाले सात वर्सं झालती अन् घरात पाळना नव्हता. पाळना नव्हता म्हंजे लेकरं झालीच नव्हती असं नाई बरं! पयला पोरगा घरीच झाला, रुपाबाई सुईनीच्या हातानं, दोन दिवस कळा देऊन. पोरगा झाला, पन रडला नाई. दुसऱ्या वक्ताले तीन दिवस कळा, मंग बैलगाडी, मंग मोटार, मंग वाशिमचा दवाखाना. तिथं डॉक्टरीनबाईनं चिमटा लावून पोरगी काढली. तेही रडली नाई. अन् तुमाले सांगतो, लेकरू होते अन् रडत नाई ना, तवा त्या खोलीत असं शांत होते का बाया एकमेकीच्या तोंडाकडं पाहात नाई. अंजनाले ते शांत दोन्ही वक्ताचं पाठ होतं. लोकायले वाटे तिले पोरगा पायजे. कोनी म्हने पोरगी तरी पायजे. अरे, तिले एकच पायजे होतं, एकदा, एकदा आपलं लेकरू रडलेलं या कानानं आयकाचं होतं. बस, इतकंच.

तं डॉक्टरीनबाईनं तवाच सांगून ठेवलं होतं का बाईची हाडाची वाट लहान हाय, पुढच्या बारीले कळा याची वाट पाहू नोका, आधीच या, पोटातून लेकरू काढू. तिसऱ्यांदा दिवस राह्यले, महिने भरत आले, तसा रंगराव तिले घेऊन वाशिमले गेला. डॉक्टरीनबाई पुन्याकडची, बोलनं असं का पुस्तक वाचून राह्यली. तिनं पोट तपासलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं, अन् सांगतलं, अठरा तारीख, बुधवार, सकाळी नऊ वाजता. हे घरी सांगतलं तं सासू, गोजराबाई, चुलीपासून उठलीच. बुधवारी? नऊ वाजता? त्या पोटातल्या लेकराले ठाऊक हाय काय बुधवार कोनता ते? लग्नाची तारीख काढतेत, तेरवीची काढतेत, जल्माची तारीख कोनी काढते काय? मंग त्या जोश्यानं पंचांग घेऊन का माश्या माराच्या? म्हातारीचं कायी खोटं नव्हतं. तिच्या माहितीत लेकरू हे न सांगता येनारं पाहुनं होतं, त्याले टाइम देऊन बोलावनं तिले कसंसंच वाटे.

पन अंजनाचं ध्यान तारखेत नव्हतंच. तिचं ध्यान त्या दुसऱ्या वाक्यात अडकलं होतं. डॉक्टरीनबाई म्हनली होती, "घाबरू नका. पाठीत एक सुई देऊ आणि तुम्हाला बधिर करू. तुम्ही जाग्याच राहाल. बाळ रडलं की..." अन् इथं तिनं पाह्यलं रंगरावकडं, "...तुम्हाला बाहेर ऐकू येईलच."

आता सांगा! याच्यावर अजून कायचा पुरावा पायजे? रंगरावले आयकू येईन म्हने, बाहेर. म्हंजे अंजनाले येनार नाई. बाई तिथंच इचारती तं दोन शब्दात निकाल लागला असता. पन तवा डॉक्टरले उलटं इचाराची रीत होती काय? अन् तिच्या मनात दुसरंच भेव, का जास्त इचारलं अन् डॉक्टरीन रागानं म्हनली का जा, नाई करत, तं? तिनं फक्त मान हालवली.

त्याच दिवशी, घरी याच्या मोटारीची वाट पाहात दोघं नवराबायको लिंबाखाली बसले, तिथं तिनं रंगरावले बधिरचा अर्थ सांगतला. रंगराव बिचारा कमी बोलनारा मानूस, दिवसभरात बैलायशी जितकं बोले तितकंबी घरात बोलत नसे. तो उठून उभा राह्यला अन् म्हने, "नाई म्हनून सांगून येऊ काय?"

"नाई," अंजना म्हनली. "लेकरू रडलं पायजे. म्या नाई आयकलं तरी चालते. तुमी आयकजा, धेनात ठेवजा, अन् मंग मले हातानं करून दाखवजा, कसं रडलं ते."

आता तुमी हसून राह्यले! हसा. पन इचार करा. कान गेले तरी चालते, पन रडू दे, असं म्हननारी बाई तुमच्या आमच्या पाहन्यात किती हायेत? आपन कानात काडी गेली तं वैद्याकडं पयतो.

अन् मंग ते पंधरा दिवस! बाई साऱ्या आवाजायचा निरोप घ्याले लागली. मोट चाले तं वांग्यात खुरपं टाकून उभी राहे अन् चाकाचं कुरकुर आयकत बसे. रंगराव घोरे तं आयके. अन् सासू! गोजराबाईचं तोंड म्हंजे एकदा सुरू झालं का सांजवेळपर्यंत बंद नाई. एरवी अंजना खाली मान घालून निंगून जाये, आता समोर बसून, डोये भरून, सारं आयकून घे. म्हातारी घाबरली. म्या इतकं बोलली अन् सून माह्याकडं मायेनं पाहून राह्यली, हिले कायी लागलं तं नाई? तिनं दोनदा मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. अन् तिकडं रंगराव, तुमाले सांगतो, विहिरीच्या मांगं जाऊन, तोंड वाकडं करून, हात हालवून, लेकरू कसं रडते याची तालीम करे! शेजारच्या उकंडरावनं एकदा पाह्यलं, तं त्यानं गावात सांगतलं का रंगरावच्या दाढेले कीड लागली.

आला बुधवार. मार्गशीर्षाची थंडी, दवाखान्याची फरशी बर्फ, अन् ते ऑपरेशनचं टेबल त्याहून थंड. टेबलाच्या काठावर बसवलं. नर्सबाई होती कमलीबाई, इकडचीच, शेलूबाजारची. डॉक्टरीनबाई मांगून म्हने, वाका. आता वाकनं अंजनाले शिकवाचं? जिनं जल्मभर कांद्याचं रोप लावलं तिले? तिनं कंबरेतून असं झोकात वाकून दाखवलं, का पाठ सरळ फळी. डॉक्टरीन म्हने अशी नाही, पाठ बाहेर काढा, कमान करा. नऊ महिन्याचं पोट मांडीवर घेऊन कमान! ते वाकाले जाये अन् लेकरू आतून लाथ मारे, जसं का त्याचीच जागा कोनी घेऊन राह्यलं. शेवटी कमलीबाईनं सांगतलं, अव माय, डोक्यावरचा भाजीचा भारा उतरवून धुऱ्यावर कशी बसतं, थकून, दोन्ही हात गुडघ्यावर टाकून, तशी बस. अन् बसली तं बरोबर कमान! पुन्याच्या पुस्तकात हे लिहेल नव्हतं.

मंग पाठीवरून थंडगार बोळा फिरला. मंग एक बारकी सुई टोचली. मंग मोठी. लोक म्हनतात दुखत नाई. खरं हाय, दुखत नाई. पन कोनी भितीत खिळा ठोकून राह्यलं अन् भीत आपन हाय, असं लागते. मधातच डाव्या पायात वीज गेल्यावानी चमक निंगाली, थेट अंगठ्यापर्यंत, पाय आपोआप उडाला. डॉक्टरीन म्हने हलू नका. अंजना म्हने, मी नाई हालली बाई, पाय हालला.

अन् मंग ऊब आली. हिवाळ्यात सकाळी पानी द्याले गेलं का पाय थंडीनं सुन्न असते, अन् विहिरीचं ताजं पानी पायावरून गेलं का कसं कोमट, बरं लागते? तसं. बुडापासून निंगालं, मांड्यायतून, पोटऱ्यायतून, तळपायापर्यंत गेलं. तिले वाटलं, इतकं चांगलं लागते तं लोक भेतात कायले? तिले पटकन उतानी झोपवलं. मंग ते ऊब जड झाली. डॉक्टरीन म्हने अंगठा हलवा. तिनं अंगठ्याले हुकूम केला. अंगठा हाले ना! तेवीस वर्साचा सोबतीचा अंगठा, त्यानं ओळखच देल्ली नाई. पाय तिथंच होते, चादरीखाली दिसत होते, पन जसे कोन्या दुसऱ्या बाईचे पाय तिच्याजवळ आनून ठेवले असन. तवा तिनं समजून घेतलं का आता झालं. आता कान. तिनं डोये मिटले अन् शेवटचं म्हनून आयकाले लागली.

तं काय? पातेल्यात सुया-कात्र्या उकळून राह्यल्या, त्याची खदखद. बाहेर मोटारीचा हॉर्न. कमलीबाईच्या बांगड्या. आयकू तं सारं येत होतं!

तिनं इचार केला, का वाफ्यात पानी एकदम कुठं भरते? एक वाफा भरला का मातीचं दारं मोडून दुसऱ्यात, मंग तिसऱ्यात. पाय झाले, कंबर झाली, पोट होऊन राह्यलं; कान सगळ्याच्या शेवटी, वरच्या अंगाले. म्हंजे टाइम हाय थोडा. तिच्या छातीवर एक पडदा टांगला होता, त्याच्या पलीकडं काय सुरू झालं तिले दिसे नाई. तिनं इकडून सांगतलं, लवकर करा बाई, वर चढून राह्यलं! आता डॉक्टरीन घाबरली, कावून का ते औषध लय वर चढलं तं श्वास अडकते म्हने. काय होतंय, श्वास घेता येतोय ना? तं अंजना म्हने, हो, श्वास हाय, कानबी अजून चालू हायेत. डॉक्टरीनीले वाटलं बाई भेवानं बरळून राह्यली. तिनं कमलीबाईले सांगतलं, गोष्टी करत राहा म्हंजे तिचं मन रमेल, अन् स्वतःच सुरू झाली, का काय बाई या तुमच्या वाशिमच्या बाजारातली वांगी, नुसत्या बिया!

आता मले सांगा, तुमचं पोट फाडून ठेवलं असन, दात थंडीनं कडकड वाजत असन, मळमळून राह्यलं असन, तं तुमी वांग्याच्या भानगडीत पडसान काय? पन माळनीले वांग्याले नाव ठेवलेलं सहन होत नाई. अंजना पडद्याच्या इकडून म्हने, जून घेतलं असन बाई, चमक पाहा लागते. मंग डॉक्टरीनीनं इचारलं का चमक कशी बघायची, अन् इनं सांगतलं. आयकू तं सारं येत होतं!

अन् मंग ते ओढातान. दुखनं नाई बरं, कसलंच दुखनं नाई, पन पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातली वांगी काढावी, अन् पोतं आपन, तसं. सारं अंग टेबलावर इकडून तिकडं हालून राह्यलं. मंग कोनीतरी छातीखाली असं दाबलं का श्वास निंगेना, डोये पांढरे व्हाची पाळी, अन् तेवढ्यात, भसकन्, हलकं. एकदम रितं. नऊ महिन्याचा भार क्षनात गेला. अंजनानं श्वास घेतला अन् कान टवकारले.

कायी नाई.

शांत.

तेच शांत होतं. पाठ असलेलं. डॉक्टरीन बोले ना, कमलीबाई बोले ना. अन् तुमाले सांगतो, जे बाई पंधरा दिवस बहिरं व्हाले भेत होती, तिनं त्या वक्ताले हात जोडले. हात बांधेल होते दोन्हीकडं, मनातच जोडले. का देवा, पोचलं असू दे कानापर्यंत. मी बहिरी झाली असू दे. लेकरू रडून राह्यलं असू दे, अन् मलेच आयकू येत नसू दे. तिनं आपल्या मनाले सांगतलं बी, का झालं, आले कान वाफ्यात, भरले. तिले बरं बी वाटलं.

तेवढ्यात कोनाच्या हातून सुया-कात्र्या ठेवाची टाटली पडली. खणखणखण करत साऱ्या खोलीत फिरली.

आयकू तं सारं येत होतं.

मी आता हे लय लंबं करून सांगून राह्यलो, पन तिथं घडी पाह्यली असती तं मिनिट, दीड मिनिट. अंजनाले इचारा किती होतं ते. पडद्यापलीकडं नळीनं सूं-सूं ओढाचा आवाज आला, तळपायावर चापट्यायचा आवाज आला, एक, दोन, डॉक्टरीन हळूच म्हनली अगं ये गं, ये गं बाई, तेही आलं. तिसरी चापट आली. अन् मंग एक आवाज आला, असा बारीक, चिरका, तेल न घातलेल्या चाकाचा आवाज, थांबला, अन् मंग जे सुरू झालं, जे सुरू झालं का पातेल्याची खदखद आयकू येईना, मोटार आयकू येईना, डॉक्टरीन काय बोलून राह्यली ते आयकू येईना! अंजना रडत होती अन् स्वतःचं रडनं बी तिले आयकू येईना.

पोरगी होती. कमलीबाईनं तिचा ओला गाल अंजनाच्या गालाले लावला. जराशानं, तिकडं शिवनं सुरू असताना, अंजनानं इचारलं, का बाई, माहे कान कवा जातीन? कान? कान कशाला जातील? मंग सारं निंगालं, कीर्तन, बधिर, बहिरी, लिंबाचं झाड, सारं. कमलीबाई तं तोंडाले पदर लावून हसली. डॉक्टरीनबी हसाले लागली, अन् हसता हसता थांबली.

"म्हणजे आपण बहिऱ्या होणार असं समजून तुम्ही इथे आलात?"

"हो," अंजना म्हनली.

मंग डॉक्टरीन पुना टाक्यायवर वाकली. जितके बाकी होते तितके तिनं जपून, बारीक घातले.

अन् रंगराव! अंजनाचे कान शाबूत हायेत हे त्याले सांगाची कोनाले याद? दारातून स्ट्रेचरची गाडी बाहेर काढली, अंजना उतानी, डोकं उचलाचं नाई असा हुकूम, अन् हा तिच्यावर वाकून सुरू झाला. तोंड उघडलं इतकं, डोये मिटले, मुठी आवळल्या, मान हालवली, मंग थांबला, मंग दुप्पट! पंधरा दिवसाची तालीम. साऱ्या दवाखान्याच्या बाया पाहून राह्यल्या, याले शुद्ध नाई. आता अंजना एक शब्द बोलली असती तं भानगड मिटली असती का नाई? नाई बोलली! सात वर्सात या मानसानं तिले इतकं कवा सांगतलं होतं? तिनं सारं पाह्यलं. झाल्यावर खुनेनं इचारलं, पुना एकदा. त्यानं पुना केलं.

आता तुमी म्हनसान मंग सारं बरं झालं, तू कायले कुरकुर करून राह्यला? अहो, आयका तं. दिवसभर बिन उशीची पडली, डोकं असं ठनके का पापनी हालवली तरी कळ निंगे. औषध उतरलं तं पोटात आग. पाय परत आले तं मुंग्या घेऊन आले. खोकला आला तं टाके धरून खोकलाचं. पंधरा दिवसानं घरी आली. अन् घरी पोरगी जे रडे, जे रडे, भल्या पहाटेपासून! गोजराबाई म्हने, आमच्या घरान्यात असं नरडं कोनाचंच नव्हतं.

तं एका दुपारी गल्लीतल्या साऱ्या बाया ओसरीवर जमल्या. रुपाबाई सुईन आली. तिनं इचारलं, का कळा किती वेळ होत्या? अन् गोजराबाई पाय पसरून, सुपारी कातरत, साऱ्यायले आयकू जाईन अशा आवाजात म्हने, "कायच्या कळा व? तिले कायी समजलंच नाई. महारानीले झोपल्या जागी लेकरू हातात आनून देल्लं." बाया हसल्या. रुपाबाई म्हने, मंग हे काय बाळंतपन म्हनाचं काय? कोनी म्हने, नशीब लागते बाई, आमाले तं फाटून निंगा लागलं. अन् अंदर, भितीच्या या बाजूले, अंजना, पोटाले टाके, मांडीवर पोरगी. आयकू तं सारं येत होतं! तिच्या तोंडाशी सारं आलं. पयले दोन दिवस, मंगचे तीन दिवस, ते सुई, ते शांत, ते टाटली... सारं सांगून टाकू एकदाचं, म्हनून तिनं मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं...

पन पोरीचा आताच कुठं डोया लागला होता. मंग काय करते! तिनं तो श्वास हळूच सोडून देल्ला.